शेजाऱ्याला ओळखणारा मुत्सद्दी : पासिकिवी

९ ऑक्टोबर १९३९ च्या रात्री हेलसिंकीच्या रेल्वे स्थानकावर मोठी गर्दी लोटली होती. मॉस्कोला जाणाऱ्या एका वृद्ध गृहस्थाला निरोप देण्यासाठी जमलेले हे लोक प्रार्थनागीते आणि देशभक्तीपर गीते गात होते. वाटेतल्या स्थानकांवरही हेच दृश्य होते. फिनलंडच्या भवितव्याचा निर्णय आता या माणसाच्या हाती आहे, अशी जनतेची भावना होती. वस्तुस्थिती वेगळी होती. युहो कुस्ती पासिकिवी यांच्या खिशात सरकारने दिलेल्या सूचना होत्या आणि त्या सूचनांत देण्यासारखे जवळजवळ काहीच नव्हते.

पासिकिवी तेव्हा एकोणसत्तरीच्या उंबरठ्यावर होते. स्टॉकहोममध्ये ते फिनलंडचे राजदूत म्हणून काम पाहत होते आणि निवृत्तीचे दिवस फार दूर नव्हते. रशियन भाषा, रशियाचा इतिहास आणि रशियन राज्यकर्त्यांची विचारपद्धती यांची त्यांच्याइतकी जाण असलेला दुसरा माणूस सरकारपाशी नव्हता, म्हणून त्यांना पाचारण करण्यात आले. त्यांचे ज्ञान सर्वांना हवे होते. त्या ज्ञानातून निघणारा सल्ला मात्र हेलसिंकीत फारसा कोणाला नको होता.

त्यांचा जन्म २७ नोव्हेंबर १८७० रोजी दक्षिण फिनलंडमधील हामे प्रांतात झाला. फिनलंड १८०९ पासून रशियन साम्राज्यात होते, पण स्वतःचे कायदे आणि स्वतःचा कारभार सांभाळणारे एक स्वायत्त महासंस्थान म्हणून. वडील लाहती येथे व्यापार करीत. आई लहानपणीच गेली, आणि मुलगा चौदा वर्षांचा असताना वडीलही वारले. आत्याने त्याचा सांभाळ केला. जन्मनाव होते योहान गुस्ताफ हेलस्टेन. ते स्वीडिश वळणाचे होते. फिनिश अस्मितेच्या जागृतीचा तो काळ. १८८५ मध्ये या शाळकरी मुलाने आपले नाव फिनिश करून घेतले. हेलस्टेन काय आणि पासिकिवी काय, दोन्ही आडनावांचा अर्थ शिळा आणि दगड असाच होतो.

हेलसिंकी विद्यापीठात त्यांनी प्रथम रशियन भाषा आणि इतिहास हे विषय घेतले आणि अभ्यासासाठी काही काळ रशियातील नोवगोरोद येथे मुक्काम केला. पुढे ते कायद्याकडे वळले आणि १९०१ मध्ये विधी शाखेतील डॉक्टरेट मिळवली. झार दुसरा निकोलस याने फिनलंडची स्वायत्तता आक्रसण्याचा सपाटा लावला होता. यावर दोन मते होती. तरुण फिन पक्षाला कायदेशीर प्रतिकार हवा होता. जुन्या फिन पक्षाचे म्हणणे असे की, बलाढ्य साम्राज्याशी झगडून हाती काही लागणार नाही, जे वाचवता येईल ते समझोत्याने वाचवावे. पासिकिवी दुसऱ्या गटातले. तरीही १९०८ मध्ये सिनेटचे सदस्य झालेल्या या समझोतावाद्याने, सेंट पीटर्सबर्गच्या मागण्या देशाच्या मूळ कायद्यालाच हात घालू लागल्या तेव्हा, १९०९ मध्ये राजीनामा दिला. कुठे वाकायचे आणि कुठे थांबायचे याचा त्यांचा हिशेब तेव्हापासूनच चालू होता.

त्यानंतरची वीस वर्षे, १९१४ ते १९३४, ते कान्सालिस-ओसाके-पांकी या मोठ्या बँकेचे प्रमुख होते. बँकेने त्यांना स्थैर्य दिले, संपन्नता दिली आणि आकड्यांची सवय लावली. मधल्या काळात राजकारणाने त्यांना दोनदा ओढून घेतले. पहिला प्रसंग त्यांच्या चरित्रातील सर्वात फसलेला म्हणावा लागेल. ६ डिसेंबर १९१७ रोजी फिनलंड स्वतंत्र झाले, १९१८ मध्ये लाल आणि पांढऱ्या सेनांत रक्तरंजित यादवी झाली आणि जर्मन मदतीने पांढरे जिंकले. त्या मे महिन्यात पासिकिवी सरकारचे प्रमुख झाले. रशियापासून संरक्षण हवे तर जर्मनीचा हात धरावा आणि एखाद्या जर्मन राजपुत्राला सिंहासनावर बसवावे, असा त्यांचा आग्रह होता. ऑक्टोबरमध्ये संसदेने हेसचा राजपुत्र फ्रेडरिक कार्ल याची राजा म्हणून निवडही केली. महिनाभरातच जर्मनी महायुद्ध हरली. राजा फिनलंडला आलाच नाही आणि नोव्हेंबरमध्ये पासिकिवी यांचे सरकार गेले. दूरदर्शी म्हणून पुढे नावाजलेल्या या माणसाचे गणित इतके चुकले होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरा प्रसंग १९२० चा. एस्टोनियातील तार्तू येथे बोल्शेविक रशियाशी तह करण्यासाठी गेलेल्या शिष्टमंडळाचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. १४ ऑक्टोबरला झालेल्या या तहाने फिनलंडची सीमा निश्चित झाली आणि उत्तरेस हिमसागरावरचे पेत्सामो बंदरही पदरात पडले. मायदेशी अनेकांना पूर्व कारेलियाही हवा होता, त्यामुळे तह कमी मिळवणारा ठरवला गेला. पासिकिवी यांना मात्र वेगळीच चिंता होती. रशिया त्या वेळी दुबळा होता. कारेलियाच्या संयोगभूमीवरील सीमा पेट्रोग्राड शहरापासून अवघ्या ३२ किलोमीटरवर होती. पुन्हा बलवान झालेला रशिया ही सीमा निमूटपणे मान्य करील का?

१९३९ च्या शरद ऋतूत या प्रश्नाचे उत्तर आले. ऑगस्टमध्ये हिटलर आणि स्टॅलिन यांच्यात करार होऊन पूर्व युरोपची गुप्त वाटणी झाली होती. एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुआनिया यांना पाठोपाठ मॉस्कोला बोलावून लष्करी तळांचे करार त्यांच्या गळी उतरवले गेले. ५ ऑक्टोबरला फिनलंडला बोलावणे आले.

१२ ऑक्टोबरला क्रेमलिनमध्ये पासिकिवी यांच्यासमोर परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह तर होताच, पण खुद्द स्टॅलिनही येऊन बसला. एका छोट्या देशाच्या प्रतिनिधीसाठी हे असाधारण होते. स्टॅलिनचा युक्तिवाद साधा होता. लेनिनग्राड हलवता येत नाही, म्हणून सीमा हलवावी लागेल. कारेलियन संयोगभूमीवरील सीमा मागे घ्यावी, फिनलंडच्या आखातातील काही बेटे द्यावीत, आखाताच्या तोंडावरील हांको द्वीपकल्प ३० वर्षांसाठी नाविक तळाला भाड्याने द्यावे, आणि उत्तरेकडील एका द्वीपकल्पाचा भाग सोडावा. मोबदल्यात पूर्व कारेलियातील दुप्पट भूभाग मिळेल. रशिया २,७६१ चौरस किलोमीटर घेऊन ५,५२९ चौरस किलोमीटर देणार होता. घेतला जाणारा भाग तटबंदीचा आणि वस्तीचा, दिला जाणारा भाग जंगलाचा आणि दलदलीचा, ही गोष्ट अलाहिदा.

पासिकिवी सूचना घेण्यासाठी परत आले, पुन्हा गेले, पुन्हा आले आणि तिसऱ्यांदा गेले. दुसऱ्या व तिसऱ्या फेरीत सोशल डेमोक्रॅट नेते व अर्थमंत्री वायनो टॅनर त्यांच्यासोबत होते. एक जुना बँकर आणि एक सहकारी चळवळीतला समाजवादी, अशी ही जोडी. मात्र दोघांचे चांगले जमत असे. रशियाला आपल्या लेनिनग्राडची खरोखरच काळजी आहे, ही मागणी निव्वळ साम्यवादी कावा नाही, झारनेही जवळपास हेच मागितले असते, असे पासिकिवी यांचे मत होते. त्यांना आणखी काही द्यावे असे वाटत होते. सेनापती मॅनरहाइम यांचाही सल्ला हाच होता, कारण आपल्या सैन्यापाशी दारूगोळा किती आहे हे त्यांना ठाऊक होते. परराष्ट्रमंत्री एल्यास एर्को यांना मात्र स्टॅलिन केवळ धमकावतो आहे, युद्ध करणार नाही, अशी खात्री होती. मंत्रिमंडळ आणि बहुसंख्य जनमत एर्को यांच्या बाजूने होते. नोव्हेंबरच्या मध्यास वाटाघाटी फिसकटल्या आणि शिष्टमंडळ रिकाम्या हाताने परतले.

३० नोव्हेंबरला हेलसिंकीवर सोव्हिएत बॉम्ब पडले.

इथे इतिहासकारांत आजही मतभेद आहेत आणि ते सहज मिटणारे नाहीत. पासिकिवी यांचे ऐकले असते तर युद्ध टळले असते, असे मानणारा एक पक्ष आहे. बाल्टिक देशांनी सर्व मागण्या मान्य केल्या आणि १९४० च्या उन्हाळ्यात ते तिन्ही देश सोव्हिएत संघात गिळंकृत झाले, याकडे दुसरा पक्ष बोट दाखवतो. स्टॅलिनने युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी ओट्टो कुसिनेन या फिनिश कम्युनिस्टाचे बाहुले सरकार उभे केले, ही गोष्टही दुसऱ्या पक्षाच्या बाजूने जाते. कदाचित दोन्ही पक्षांना आपापल्या परीने थोडे खरे सापडले असावे. फिनलंडने लढून आपली किंमत सिद्ध केली आणि त्यामुळेच पुढे पासिकिवी यांच्या बोलण्याला वजन आले, असेही म्हणता येते. स्वतः पासिकिवी मात्र अखेरपर्यंत १९३९ चा निर्णय चुकीचाच मानत राहिले.

युद्ध १०५ दिवस चालले. र्‍हस्व मनुष्यबळ असलेल्या फिनिश सैन्याने बर्फात केलेल्या प्रतिकाराने जग थक्क झाले, पण मदत फारशी आली नाही. नवे पंतप्रधान रिस्तो रुती, परराष्ट्रमंत्री टॅनर आणि बिनखात्याचे मंत्री पासिकिवी यांनी तहाचा मार्ग धरला. स्टॉकहोममधील सोव्हिएत राजदूत अलेक्सांद्रा कोलोंताय यांच्यामार्फत धागा जुळला. १२ मार्च १९४० रोजी मॉस्कोत तहावर सह्या करणाऱ्यांत रुती यांच्याबरोबर पासिकिवीही होते. ऑक्टोबरमध्ये जे मागितले होते त्याहून कितीतरी अधिक आता द्यावे लागले. संपूर्ण कारेलियन संयोगभूमी, वीपुरी शहर, लाडोगा सरोवराचा उत्तर किनारा आणि हांकोचा भाडेपट्टा. सुमारे २५ हजार सैनिक पडले होते. चार लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून नव्या सीमेच्या अलीकडे आली.

ज्या माणसाचा सल्ला मानला गेला नव्हता त्यालाच आता राजदूत म्हणून मॉस्कोला पाठवण्यात आले. पुढचे वर्षभर पासिकिवी मोलोटोव्हच्या दालनात एकामागून एक मागण्या ऐकत राहिले. हांकोकडे रेल्वेने सैन्य नेण्याची परवानगी, ऑलंड बेटांचे निर्लष्करीकरण, पेत्सामोच्या निकेल खाणींचा ताबा. डिसेंबर १९४० मध्ये तर फिनलंडच्या अध्यक्षपदासाठी कोणकोणती माणसे मॉस्कोला चालणार नाहीत याची यादीच त्यांच्या कानी घालण्यात आली. त्यात टॅनर होते, मॅनरहाइमही होते. निकेलच्या बाबतीत तडजोड करावी, असा पासिकिवी यांचा आग्रह होता. हेलसिंकी बधेना. याच काळात हेलसिंकी आणि बर्लिन यांच्यात चाललेल्या जवळिकीची पुरेशी कल्पना या राजदूताला दिली जात नव्हती. कंटाळून त्यांनी १९४१ च्या आरंभी राजीनामा दिला आणि मेअखेरीच्या सुमारास मॉस्को सोडले. तीन आठवड्यांनी जर्मनीने रशियावर आक्रमण केले आणि फिनलंडही त्या युद्धात ओढले गेले, की स्वतःहून उतरले, हा वादही तिकडे अनेक दशके गाजला.

या दुसऱ्या युद्धात पासिकिवी यांच्याकडे कोणतेही पद नव्हते. सुरुवातीला त्यांनाही जर्मनीच जिंकेल असे वाटत होते. रशियाला इतके जवळून पाहिलेल्या माणसाचाही अंदाज पुन्हा एकदा चुकला. वारे फिरल्याचे दिसताच मात्र त्यांनी विलंब न लावता तहाचा आग्रह धरला. फेब्रुवारी १९४४ मध्ये हेलसिंकीवर मोठे हवाई हल्ले होत असताना ते स्टॉकहोमला जाऊन कोलोंताय यांना भेटले. मार्चमध्ये कार्ल एंकेल यांच्यासह ते मॉस्कोला गेले. मोलोटोव्हने ६० कोटी डॉलर युद्धखंडणीसह ज्या अटी सांगितल्या त्या सरकारने फेटाळल्या. जूनमध्ये लाल सेनेचा प्रचंड हल्ला आला, वीपुरी पडले. जर्मन शस्त्रे मिळावीत म्हणून अध्यक्ष रुती यांनी आपण स्वतंत्र तह करणार नाही असे वचन हिटलरला स्वतःच्या नावाने लिहून दिले. हल्ला थोपवला गेल्यावर ते पायउतार झाले, त्यामुळे नवे अध्यक्ष मॅनरहाइम त्या वचनाने बांधले गेले नाहीत. १९ सप्टेंबरला युद्धविराम झाला. खंडणी ३० कोटी डॉलर, पेत्सामो रशियाला, आणि हेलसिंकीपासून तोफेच्या टप्प्यात असलेला पोर्कला प्रदेश ५० वर्षांच्या पट्ट्याने सोव्हिएत तळाला.

१७ नोव्हेंबर १९४४ रोजी पासिकिवी पंतप्रधान झाले. दहा दिवसांनी ते चौऱ्याहत्तर वर्षांचे होणार होते. त्यांच्या जीवनाचे खरे कार्य या वयात सुरू झाले. हेलसिंकीत आंद्रेई झ्दानोव याच्या नेतृत्वाखाली मित्रराष्ट्रांचा नियंत्रण आयोग येऊन बसला होता. कम्युनिस्ट पक्ष कायदेशीर झाला होता आणि त्याचे नेते मंत्रिमंडळात घ्यावे लागले होते. शेजारच्या देशांत पुढे काय झाले हे सर्वज्ञात आहे. पासिकिवी यांचे सूत्र एकच होते. रशियाचा जो रास्त लष्करी हितसंबंध आहे तो मान्य करावा, दिलेला शब्द दिवस आणि तारीख पाहून पाळावा, आणि देशांतर्गत कारभारात मात्र घटनेची चौकट मोडू देऊ नये.

या सूत्राची सर्वात कठोर परीक्षा एका न्यायालयात झाली. युद्धविरामाच्या तेराव्या कलमाप्रमाणे युद्धाला जबाबदार असलेल्यांना शिक्षा करणे फिनलंडवर बंधनकारक होते. हे राजकारणी ज्या कायद्याखाली गुन्हेगार ठरतील असा कायदा अस्तित्वातच नव्हता. तो १९४५ मध्ये पूर्वलक्षी प्रभावाने करावा लागला. झारच्या काळात कायद्याच्या रक्षणासाठी सिनेट सोडणाऱ्या विधिज्ञाला हे किती जड गेले असेल! पण पासिकिवी यांनी तो कायदा संसदेत मंजूर करवून घेतला. आरोपींच्या पिंजऱ्यात आठ जण होते. त्यात रुती होते, ज्यांच्यासोबत त्यांनी १९४० च्या तहावर सही केली होती. टॅनर होते, जे क्रेमलिनमध्ये त्यांच्या शेजारी बसले होते. माजी पंतप्रधान आणि युद्धकाळातील बर्लिनचे राजदूत किविमाकी होते. न्यायालयाने प्रथम सौम्य शिक्षांचा विचार केला तेव्हा नियंत्रण आयोगाने त्या वाढवण्यास भाग पाडले. फेब्रुवारी १९४६ मध्ये निकाल लागला. रुती यांना दहा वर्षे, टॅनर यांना साडेपाच, किविमाकी यांना पाच. कोणालाही फाशी झाली नाही, कोणालाही मॉस्कोच्या स्वाधीन करावे लागले नाही आणि खटला फिनिश न्यायालयातच चालला. सरकारच्या दृष्टीने मिळवता आले ते एवढेच. मित्रांच्या कुटुंबीयांना ते पुरेसे वाटणे शक्य नव्हते.

मार्च १९४६ मध्ये मॅनरहाइम यांनी प्रकृतीच्या कारणास्तव पद सोडले आणि संसदेने मोठ्या बहुमताने पासिकिवी यांना अध्यक्ष निवडले. पुढील वर्षी पॅरिसच्या तहाने नव्या सीमांवर शिक्कामोर्तब झाले. त्याच वर्षी अमेरिकेच्या मार्शल योजनेची मदत फिनलंडने नाकारली. पैशाची गरज नव्हती असे नाही, मॉस्कोचा रोष नको होता.

फेब्रुवारी १९४८ मध्ये प्राग कम्युनिस्टांच्या ताब्यात जात असतानाच स्टॅलिनचे पत्र पासिकिवी यांच्या हाती पडले. हंगेरी आणि रुमानिया यांच्याशी झाले तसा मैत्री व परस्पर साहाय्याचा करार फिनलंडनेही करावा, असा प्रस्ताव त्यात होता. पासिकिवी यांनी घाई केली नाही. उत्तराला वेळ घेतला, संसदेतील पक्षांची मते मागवली आणि वाटाघाटीसाठी शिष्टमंडळ पाठवताना हंगेरी-रुमानियाचा नमुना चालणार नाही, हे स्पष्ट केले. ते स्वतः हेलसिंकीत राहिले. त्यामुळे मॉस्कोतल्या शिष्टमंडळाला प्रत्येक कलमासाठी अध्यक्षांना विचारावे लागेल असे सांगता येत होते. ६ एप्रिलला झालेला करार बराचसा फिनिश मसुद्यावर आधारलेला होता. जर्मनी किंवा तिचे मित्र फिनलंडमार्गे चालून आले तर फिनलंड आपल्या भूमीवर लढेल, गरज पडली तर उभयपक्षी ठरवून सोव्हिएत मदत घेतली जाईल, आणि महासत्तांच्या झगड्यांबाहेर राहण्याची फिनलंडची इच्छा प्रास्ताविकात नोंदली गेली. त्या वसंतात सत्तापालटाच्या अफवांनी राजधानी अस्वस्थ होती. मे महिन्यात संसदेने कम्युनिस्ट गृहमंत्री युर्यो लेइनो यांच्यावर अविश्वास व्यक्त केला आणि पासिकिवी यांनी त्यांना पदावरून दूर केले. जुलैच्या निवडणुकीत कम्युनिस्ट आघाडीच्या जागा घटल्या आणि नव्या मंत्रिमंडळात तिला स्थान मिळाले नाही.

पुढच्याच वर्षी, मे १९४९ मध्ये, पासिकिवी यांनी तुरुंगातून आजारी रुती यांना माफी दिली. टॅनर त्याआधीच सुटले होते आणि पुढे पुन्हा राजकारणात उतरले.

माणूस म्हणून ते सोपे नव्हते. त्यांचा राग प्रसिद्ध होता. मंत्री, पत्रकार, पक्षनेते सारेच त्यांच्या तोंडाचा पट्टा अनुभवत. बोलून मोकळे झाले की ते विसरूनही जात. इतिहास, भूगोल आणि अभिजात ग्रंथांचे वाचन अखंड चाले. आणि ते रोजनिशी लिहीत. जाहीरपणे रशियाच्या सदिच्छेवर विश्वास दाखवणारे अध्यक्ष या रोजनिशीत भीती, चीड आणि शंका यांना मोकळी वाट करून देत होते.

१९५२ मध्ये हेलसिंकीत ऑलिंपिक स्पर्धा भरल्या आणि त्याच सप्टेंबरात जहाजे, यंत्रे व लाकडी मालाच्या रूपाने फेडल्या जाणाऱ्या युद्धखंडणीचा अखेरचा हप्ता रवाना झाला. सप्टेंबर १९५५ मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांचे पासिकिवी पुन्हा एकदा मॉस्कोला गेले. या वेळी समोर ख्रुश्चेव्ह आणि बुल्गानिन होते. मैत्री कराराची मुदत २० वर्षांनी वाढवण्याच्या बदल्यात पोर्कला परत मिळाले. मॉस्कोला अनेकदा जाऊन दर वेळी काहीतरी गमावून आलेला हा माणूस या खेपेस काहीतरी घेऊन परतला. डिसेंबरात फिनलंड संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला.

त्यांच्या कारकिर्दीचा शेवट मात्र त्यांच्या कीर्तीला साजेसा झाला नाही. फेब्रुवारी १९५६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ते उमेदवार नव्हते. दुसऱ्या फेरीत, केक्कोनेन आणि फागरहोल्म यांच्यातील चुरशीत तोडगा म्हणून त्यांचे नाव ऐनवेळी पुढे करण्यात आले. त्यांनी होकार दिला आणि तिसऱ्या क्रमांकाची मते पडून ते बाद झाले. हा अपमान त्यांना झोंबला. अखेरच्या फेरीत केक्कोनेन १५१ विरुद्ध १४९ अशा निसटत्या मतांनी निवडून आले. १ मार्चला पासिकिवी यांनी अध्यक्षीय प्रासाद सोडला आणि मॉस्कोतील आठवणी लिहिण्याचे काम हाती घेतले.

त्या वर्षीच्या २५ ऑक्टोबरला रिस्तो रुती वारले. त्यांच्यानंतर सात आठवड्यांनी, १४ डिसेंबर १९५६ रोजी, पासिकिवी यांचेही निधन झाले. १९३९ ते १९४१ या काळातील त्यांच्या मॉस्कोतील कामगिरीच्या आठवणी १९५८ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. १९४४ नंतरच्या रोजनिशा प्रसिद्ध व्हायला मात्र १९८५ साल उजाडावे लागले.